मासेबागेचं कुलूप

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, जे आमच्या वसाहतीच्या समितीचेही अध्यक्ष आहेत, म्हणजे खुर्ची बदलली तरी माणूस तोच. व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्या बाई, ज्या इतक्या लांबून आमच्या घरातलं माणूस न्यायला आल्यात आणि तरीही आम्ही ज्यांना फुलं दिली. समितीचे सर्व सभासद. समोर बसलेले माझे शेजारी आणि शेजारणी. आणि चहा आला की पहिला कप आपल्याला मिळावा म्हणून मागे दाराशी उभी असलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोला म्हणून सांगितलंय. दोन शब्दांत आटोपलेला वक्ता मी अजून पाहिला नाही, तेव्हा माझ्याकडूनही ती आशा ठेवू नका. शाळेत मी फार टिकले नाही. अक्षरं जुळवता यायला लागली आणि घरच्यांना वाटलं, झालं, आता पुरे. त्यामुळे बोलताना कुठे अडखळले तर त्यांना दोष द्या, आणि बरं बोलले तर श्रेय मला द्या.

आज जिचा सत्कार आहे ती माझी सून. सासू माइकवर गेली की लोक कान टवकारतात. आता काहीतरी टोचणारं येणार! येईल. पण ते तिला टोचणार नाही.

आत्ताच अध्यक्षसाहेबांनी फार सुंदर भाषण केलं. सुनेला त्यांनी इतकी विशेषणं लावली की ती माझ्याच घरात राहते का, असा मला प्रश्न पडला. आणि मग शेवटी, चहात साखर टाकावी तितक्या सहज, ते एक वाक्य बोलले. ताई आता जाताहेत, तेव्हा मासेबागेच्या सुरक्षिततेसाठी उद्यापासून दाराला कुलूप लागेल आणि किल्ली समितीच्या कार्यालयात राहील. तुम्ही टाळ्या वाजवल्या. भाषणाचा शेवट आला की हात आपोआप वाजतात, त्यात तुमचा दोष नाही. पण त्याच वेळी मी सुनेकडे पाहिलं. हातातला गुच्छ तिने खुर्चीखाली ठेवून दिला.

काल भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली होती, ‘आई, दाराला कुलूप लावायचं घाटतंय असं ऐकलं. तसं असेल तर मी जात नाही. त्या बाईंना तसं कळवते.’

पाहुण्या बाई, तुम्ही दचकलात. दचकण्यासारखंच आहे. तुमच्या वसाहतीत तिने येऊन अशीच बाग उभारावी म्हणून तुम्ही तिला नोकरी दिलीत, राहायला घर दिलंत, माझ्या मुलाचंही तिथे काम जमवलंत. आणि ती इथे बसून ‘येऊ की नको’ करतेय. आपल्याच सत्कारात उठून वाद घालू नये एवढी रीतभात तिला आहे. मला ती कधीच नव्हती, म्हणून मी उठले. तुम्ही नवीन आहात तेव्हा तुम्हाला सगळं सांगते. बाकीच्यांना माहीत आहे. पण माहीत असलेलंच माणूस आधी विसरतं.

आमच्या इमारतींच्या मागे वसाहतीच्याच जागेत एक लाँड्री होती. दवाखान्यांच्या, लॉजांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. चालवणारा कंटाळून निघून गेला आणि मागे राहिल्या सिमेंटच्या मोठाल्या टाक्या, इस्त्रीची लांबलचक टेबलं आणि भिंतींत मुरलेला साबणाचा वास. पुढची काही वर्षं त्या जागेचा उपयोग एकच. ज्याला मोडकी खुर्ची टाकायची असेल त्याने ती तिथे टाकायची.

माझी सून तेव्हा तरणतलावावर कामाला होती. लोक पोहायचे आणि ही त्यांचं पाणी बाटलीत घेऊन, त्यात थेंब टाकून, रंग काय येतो ते बघायची. तो तरणतलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि उघडायचं नावच घेईना. ही घरी बसली. बसली असं म्हणायचं. बसलेली मी तिला एकदाही पाहिली नाही. एकदा जेवताना म्हणाली, ‘आई, त्या लाँड्रीच्या टाक्यांत मासे ठेवले तर?’

मी म्हटलं, ‘ठेव की. मग त्यांना शाळेत कुठल्या घालायचं तेही ठरव.’

मुलगा हसला. ती हसली नाही. तेव्हाच मी ओळखलं की ही आता ऐकणार नाही.

या उद्योगाला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आम्ही मासेबाग म्हणतो, ते तोंडात बसतं. मासे टाकीत राहतात, खातात आणि घाण करतात. ते घाण पाणी पंपाने वर चढतं आणि खडी भरलेल्या वाफ्यांत जातं. त्या खडीला डोळ्यांना न दिसणारे जीव चिकटलेले असतात, ते त्या घाणीचं खत करतात. भाजीची मुळं ते खत ओढून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे येतं. माती नाही, नांगर नाही. थोडक्यात, मासे हगतात आणि पालक खातो. अध्यक्षसाहेब, असे कपाळाला हात लावू नका, तुमच्या घरीही तोच पालक येतो.

सांगायला सोपं, करायला नाही. आधी टाक्यांतला साबण घालवायचा होता. घासायचं, भरायचं, ओतून द्यायचं, परत भरायचं. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ही घुसळायची आणि फेसाचा एक बुडबुडा दिसला की म्हणायची, ‘ओता.’ ओतणारे कंटाळले, ही कंटाळली नाही. मग आले आमचे पाइपकाका. हे काय तिसऱ्या रांगेत बसलेत. आयुष्यभर नळाची कामं केली, आता निवृत्त आहेत, पण पाना अजून खिशात असतो. त्यांनी लाँड्रीभर फिरून बघितलं आणि म्हणाले, ‘सूनबाई, पाणी खाली जातं. तुम्ही त्याला गोल फिरायला सांगताय.’

ती म्हणाली, ‘ते माझं ऐकत नाही काका, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.’

झालं. काका पाघळले. सगळे पाइप त्यांनी जोडले. शेजारच्या शिंपीणकाकूंनी इस्त्रीच्या टेबलांवर रोपांसाठी कापडाच्या झोळ्या शिवल्या. तुम्ही कुणी खडी धुतली, कुणी टेबलं सरळ केली, कुणी नुसतेच उभे राहून सल्ले दिलेत. पाणी फिरायला लागलं. आणि मग? मग काहीच नाही! खडी ओली होतेय, टाकीत बोटाएवढे मूठभर मासे आणि वर एक पान नाही. याच सभागृहातले लोक मला जिन्यात अडवून विचारायचे, ‘काय हो आजी, सूनबाईंनी दगडांना आंघोळ घालायचा धंदा काढलाय म्हणे?’

मी घरी येऊन तिला तसंच सांगायचे. ती म्हणायची, ‘दगड अजून तयार व्हायचेत, आई.’ एवढंच. ना रडणं, ना चिडणं. मी असते तर जिन्यातच दोन-चार जणांचा हिशोब केला असता. तिने फक्त वाट पाहिली. ते न दिसणारे जीव खडीवर जमल्याशिवाय तिने एकही जास्तीचा मासा सोडला नाही. आणि एका सकाळी शिंपीणकाकू ओरडत जिना चढल्या, ‘आजी, पुदिना आला हो!’ त्या पुदिन्याचा वास घ्यायला जे रांग लावून गेले, ते सगळे दगडांच्या आंघोळीवर हसलेलेच होते.

आता तिने नियम काय केला ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. ज्याने बागेत हात लावला त्याने भाजी न्यावी. ज्याला हात लावायला जमत नाही, म्हणजे आजारी, म्हातारे, बाळंतीण, त्यांच्या दाराशी भाजी पोचवावी. आणि दार सताड उघडं. त्या दाराला साधी कडीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, ‘अगं, कुणीही येईल.’ ती म्हणाली, ‘यावं म्हणूनच तर केलंय.’

आणि आले ना! कामावरून येताना लोक घरी जायच्या आधी तिथे डोकावायला लागले. ज्यांचं आपसात बोलणं नव्हतं ते टाकीच्या दोन बाजूंना उभे राहून माशांशी बोलायला लागले. आणि आपल्याकडे माया दाखवायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आवडलं की खायला घाल! जो येईल तो मूठभर खाद्य टाकायचा. कुणी पाव, कुणी उरलेला भात. येणारा प्रत्येक जण समजायचा की आज यांना खायला घालणारा मी पहिलाच. मी कधी घातलं नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं. जेवून ‘छान झालंय’ असं न म्हणणाऱ्याला वाढायची मला हौस नाही.

मग लागून सुट्ट्या आल्या. सगळे घरी, सगळे बागेत, सगळ्यांच्या हातात काहीतरी. सुट्टी संपली त्या सकाळी शिंपीणकाकू पहिल्या गेल्या. बघतात तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासताहेत. काकूंचा जीव कळवळला. बिचारे मागताहेत! त्यांनी घरी पळत येऊन खाद्याचा डबा नेला आणि सगळा टाकीत रिकामा केला.

ते भुकेने मागत नव्हते. त्यांचा श्वास अडकला होता. न खाल्लेलं सगळं खाली कुजलं, पाणी विषारी झालं, पाण्यातली हवा संपली आणि ते वर येऊन हवा शोधत होते. आणि आपण त्यांना नाश्ता वाढत होतो.

सून तिथे पोचली, तिने एकदा पाहिलं आणि बाटली काढली. पाण्यात थेंब टाकले. रंग बघून तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. टाकीतलं पाणी ताबडतोब बदलायला हवं होतं. पण नळाचं ताजं पाणी टाकावं तर त्यात औषध असतं. आपल्याला चालतं, माशांना मारतं. ते औषध उडून जायला पाणी एक दिवस तसंच उघडं राहावं लागतं. मग तिने जे केलं ते माझ्या डोक्यात आलं नसतं, आणि तुमच्याही आलं नसतं. ती इमारतींच्या मधल्या चौकात उभी राहिली आणि मान वर करून ओरडली,

‘शिळं पाणी आणा! कालचं भरलेलं, बादलीतलं, पिंपातलं, कळशीतलं, जे असेल ते! ओतून देऊ नका, खाली आणा!’

रोज सकाळी जे पाणी आपण मोरीत ओतून देतो, ते ती मागत होती. खिडक्या उघडल्या. कुणीतरी विचारलं, ‘काय झालं?’ आणि पाइपकाका दुसऱ्या मजल्यावरून गरजले, ‘विचारता काय, आणा!’ मग जिन्यातून जे काही उतरलं! बादल्या, पातेली, कळश्या, एकाने तर आंघोळीचं पिंपच गडगडत आणलं. तिने सगळ्यांना टाकीभोवती उभं केलं आणि सांगितलं, ‘उंचावरून ओता. धार धरा. पाण्यात हवा जाऊ दे.’ ती खालचा गाळ उपसत होती आणि तुम्ही वरून धार धरत होता. सगळ्या वसाहतीने हात वर करून एकत्र उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

निम्मे मासे वाचले. उरलेले तिने एकटीने बाहेर काढले. मी मदतीला गेले नाही. काही कामांत शेजारी उभं राहणारं माणूस नको असतं, एवढं मला कळतं.

संध्याकाळी सभा भरली. ज्या हातांनी सकाळी पाणी आणलं तेच हात आता बोट दाखवायला लागले. शिंपीणकाकूंकडे. ‘हिनेच डबा ओतला.’ काकू मान खाली घालून बसलेल्या. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही तेव्हाही म्हणालात, ‘दाराला कुलूप लावा. जे सगळ्यांचं असतं त्याचं असंच होतं.’

तेव्हा माझी सून उभी राहिली. अंगाला अजून टाकीचा वास होता. म्हणाली, ‘चूक काकूंची नाही. भाजी कुणी न्यायची ते मी सगळ्यांना सांगितलं, खायला कुणी घालायचं ते कुणालाच सांगितलं नाही. आणि साहेब, कुलूप असतं तर सकाळी एवढं शिळं पाणी कुठून आलं असतं?’

कुलपाचा विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी तिने एक स्टीलची वाटी काढली. माझ्याच स्वयंपाकघरातली, मला न विचारता. दिवसाचं खाद्य या वाटीत मावेल तेवढंच. एका दिवशी एकच घर घालणार आणि संध्याकाळी वाटी शेजारच्या घरी नेऊन द्यायची. वाटी ज्याच्या घरी, मासे त्या दिवशी त्याचे. बाकीच्यांनी बघायचं, हात मागे बांधायचे. आणि पहिली वाटी तिने कुणाला दिली? सरळ शिंपीणकाकूंच्या दारात गेली आणि त्यांच्या हातात ठेवली. काकू म्हणाल्या, ‘मला नको गं, परत काही झालं तर?’ ती म्हणाली, ‘म्हणूनच तुम्हाला. आता तुमच्याइतकं जपणारं कुणी नाही.’

काकू रडल्या. मला रडारड आवडत नाही, मी आत निघून गेले.

ती वाटी आजही फिरतेय. ज्या दोन घरांत जिन्यातल्या चपलांवरून अबोला होता, त्यांना वाटी देताना निदान ‘घ्या’ तरी म्हणावं लागतं. पाहुण्या बाई, तुम्हाला बाग हवी आहे ना? टाक्या, पंप, पाइप तुम्हाला कुणीही लावून देईल. आमची सून तुम्हाला देईल ते निराळंच आहे. जिने चूक केली तिच्याच हातात राखण देणारं माणूस रोज भेटत नाही. मी या वयापर्यंत किती लोक पाहिले असतील! मला तर घरात भेटलं, आणि ओळखायला वेळ लागला असं म्हणणार नाही, कारण मी लगेच ओळखलं होतं. फक्त बोलले नव्हते. सुनेला डोक्यावर चढवायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे येते. तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती गेल्यावर पाणी कोण तपासणार, एखादं पोर टाकीत पडलं तर जबाबदार कोण, ही तुमची काळजी खरी आहे. तर ऐका. टाक्यांवर पाइपकाकांनी लोखंडी जाळ्या बसवल्यात. त्यांवर मी उभी राहून पाहिलंय, आणि माझं वजन तुम्हाला दिसतंच आहे. पाणी रोज सकाळी शिंपीणकाकू तपासतात. भुकेला मासा तोंड मारून खाली जातो आणि गुदमरलेला वरच थांबतो, हे आता त्या झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ती गेली म्हणून बाग पोरकी होत नाही.

आणि एक विचारते. त्या सकाळी तुम्ही कामावर निघाला होतात. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. हाक ऐकून परत वर गेलात आणि दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन उतरलात. बूट भिजले, तुम्ही धार धरून उभेच. मी पाहिलंय. त्या वेळी दाराला कुलूप असतं आणि किल्ली तुमच्या कार्यालयाच्या कपाटात असती, तर त्या दोन बादल्या घेऊन तुम्ही कुठे उभे राहिला असता?

नाही, मला टाळ्या नकोत. मला उत्तर हवंय.

काय म्हणालात? समितीत विचार करू? अहो, समिती ही काय, पहिल्या रांगेत बसलीय, आणि त्यातल्या दोघांची तर डुलकीसुद्धा आत्ताच संपलीय. करा विचार. मी थांबते. माझे गुडघे दुखतात, पण थांबते.

पाइपकाका, बसा खाली. काय? ‘कुलूप लावलंत तर बिजागऱ्या मी काढीन’? ऐकलंत, अध्यक्षसाहेब? ते काढतील. पाना आत्ताही खिशात आहे.

शिंपीणकाकू, तुम्ही का उठलात? बोला, मोठ्याने बोला... ‘दार सकाळी मी बघेन, संध्याकाळी ज्यांच्याकडे वाटी ते बघतील.’ छान. आणखी कोण? हात वर करा, नुसत्या माना नकोत. हं. हं. अहो, मागचे चहावालेसुद्धा!

आता तुमचं, अध्यक्षसाहेब. घ्या, माइक तुमच्याकडे करते.

‘कुलूप लागणार नाही.’ 

सगळ्यांनी ऐकलं ना? पाहुण्या बाई, तुम्हीही साक्षीला आहात. साहेब, तुम्हाला त्या दिवशी दोन बादल्यांसह पाहिलं तेव्हापासून माझं तुमच्याविषयी मत चांगलं आहे. आज ते टिकलं. आभारी आहे.

सूनबाई, ऐकलंस? आता त्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवायचं काही कारण उरलं नाही. गुच्छ उचल खुर्चीखालून, पायदळी जाईल. आणि घरी जाऊन बॅग भर. तुझे निम्मे कपडे अजून कपाटातच आहेत, मी बघितलंय.

समारंभ ठेवल्याबद्दल समितीचे, लांबून आल्याबद्दल पाहुण्यांचे, आणि एवढा वेळ खुर्चीवर चुळबुळ न करता बसल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल, तर जे खरं होतं त्याची माफी मी मागत नाही. जे जास्तीचं झालं असेल ते मात्र मोठ्या मनाने पोटात घाला. वय झालंय, जीभ अजून तरुण आहे.

आणि तू, पोचलीस की फोन कर. आधी माझं विचार, मग माशांचं.